कॉलेज किती लांब आहे?

प्रवेशाचा पसंतीक्रम भरायला घरातली माणसं बसतात तेव्हा समोर रकाने असतात ते कॉलेजचं नाव, शाखा आणि गेल्या वर्षीचा कट-ऑफ यांचे. अंतराचा रकाना नसतो. तरीही निम्मी यादी अंतरावरच कापली जाते. "ते नको, फार लांब आहे," असं कुणीतरी म्हणतं आणि त्या नावावर काट बसते. लांब म्हणजे किती, कशाच्या हिशेबानं आणि कुणासाठी, हे त्यानंतर कुणी विचारत नाही. फीवर तासन्‌तास खल होतो, प्लेसमेंटचे आकडे पडताळले जातात, ओळखीतल्या चार जणांना फोन होतात. जागेचा निकाल मात्र एका वाक्यात लागतो.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. प्राचार्यांच्या खोलीतून न दिसणारी एक गोष्ट मला माझ्या काउंटरवरून रोज दिसते, ती म्हणजे कोण किती वाजता उठून जातं. ते बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. कॉलेजचं ठिकाण ठरवताना आपण किलोमीटर मोजतो. मोजायला हवा तो वेळ. तास संपल्यापासून झोपेपर्यंत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती किती वेळ उरणार, आणि त्या वेळात आसपास काय असणार, हे आधी बघायला हवं.

आमच्याकडे संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत. कोश, मोठी महागडी पुस्तकं, जुन्या प्रबंधांच्या प्रती, सगळं तिथंच बसून वाचायचं. बहुतेक विषयांचे तास आणि प्रॅक्टिकल चार वाजेपर्यंत असतात, त्यामुळे संदर्भ विभाग खऱ्या अर्थानं भरतो तो चारनंतर. अप-डाउन करणाऱ्यांची गाडी असते सव्वाचारची. रसायनशास्त्राची एक मुलगी होती. प्रयोगशाळेतून थेट यायची, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग तसेच. ठरलेलं पुस्तक काढायची आणि उभ्या उभ्याच पान-दोन पानं वहीत उतरवून घ्यायची. बसायची नाही. एकदा बसलं की उठवत नाही, म्हणायची. मग पानात चिठ्ठी घालून पुस्तक माझ्या हातात द्यायची, "मॅडम, हे आतच ठेवा हं, उद्या इथूनच पुढे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच पानं. शेजारच्या टेबलावर होस्टेलची मुलं पाय पसरून बसलेली असायची, एकमेकांना गणितं समजावत. त्यांच्यापेक्षा ती कुठंही कमी नव्हती. तिची गाडी सव्वाचारची होती, एवढंच.

एका बाजूचा दीड तास धरला तर दिवसाचे तीन होतात. नव्वद दिवसांच्या सत्रात २७० तास. चार क्रेडिटच्या एका विषयाला सत्रभरात ६० तास मिळतात. म्हणजे चार अख्ख्या विषयांहून जास्त वेळ रस्त्यात जातो, आणि तोही उभं राहून, बॅग पोटाशी धरून. घरी पोचल्यावर जेवण, थोडं जर्नल, झोप. वेळापत्रकातलं सगळं त्यांना मिळतं. सुटतं ते वेळापत्रकाबाहेरचं. तासानंतर सरांना गाठून विचारलेली शंका, नाटकाची तालीम, वादविवादाची तयारी, सीनियरच्या खोलीत ऐकलेल्या इंटर्नशिपच्या गोष्टी, आणि काहीच न करता मित्रांसोबत कट्ट्यावर काढलेली संध्याकाळ. कॉलेज संपल्यावर दहा-पंधरा वर्षांनी माणसं कॉलेजबद्दल जे बोलतात, त्यातलं बरंचसं या वेळात घडलेलं असतं.

गाडीतही मैत्र्या होतात, हे मला माहीत आहे. ठरलेला डबा, ठरलेल्या जागा, एकीच्या वहीवरून चौघींनी केलेलं सबमिशन. काही जणी तर गाडीतच पाठांतर उरकतात. ते सगळं खरं आहे. पण ती त्यांची जिद्द झाली. तिच्या भरवशावर घरच्यांनी अंतराचा हिशेब सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

जवळच्या कॉलेजची बाजू मी हलकी करत नाहीये. किंबहुना जवळ कॉलेज असणं ही किती मोठी गोष्ट असते, याचा एक फार चांगला पुरावा अर्थशास्त्रात आहे. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांच्या एका मोठ्या पाहणीचा अभ्यास केला. १९६६ साली १४ ते २४ वर्षांचे असलेले हे मुलगे. त्यातले काही अशा भागात वाढलेले, जिथं चार वर्षांचं पदवी कॉलेज होतं आणि काही नसलेल्या भागात. कॉलेजच्या आसपास वाढलेली मुलं जास्त शिकली. आणि हा फरक सगळ्यात ठळक दिसला तो कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांत. कार्ड यांना पुढे २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते अशाच प्रकारच्या कामासाठी. मला त्यातली साधी गोष्ट भिडते. शिकलेल्या घरातल्या मुलाला कॉलेज कुठंही असलं तरी सापडतं. ज्या घरात आधी कुणी गेलेलं नाही, तिथं कॉलेज डोळ्यांसमोर असावं लागतं. येता-जाता त्याचं फाटक दिसावं, शेजारची ताई तिथं जाताना दिसावी, घरून जाऊन-येऊन करता येईल इतकं ते जवळ असावं. नाहीतर पसंतीक्रम भरण्याची वेळच येत नाही.

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी संस्था काढताना जागेचा विचार आधी केला. १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मुंबईत त्यांच्या संस्थेचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ पासून चालू होतंच. पण मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर पडलेला, आणि तिथल्या बहुतेकांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. त्या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं तेही १९५८ साली. मुंबईतल्या कॉलेजात मराठवाड्यातली मुलं आली असती, पण मोजकी. कॉलेजच त्यांच्याकडे नेल्यावर पिढ्या शिकल्या.

प्रत्येक गावाजवळ कॉलेज नेता येत नाही, तेव्हा दुसरा मार्ग वसतिगृहाचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं केलं, आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीही वसतिगृहं निघाली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. या माणसांना शिक्षणाची अडचण बरोबर कळली होती. शाळा-कॉलेज फुकट असलं, हुशारी असली, तरी रात्री पाठ कुठं टेकायची आणि दोन घास कुठं मिळायचे, हे सुटलं नाही तर बाकी सगळं वाया. मी जेव्हा एखाद्या कॉलेजच्या माहितीपत्रकात इमारतींचे फोटो बघते आणि होस्टेलच्या जागांबद्दल एक ओळ बघते, तेव्हा मला हे लोक आठवतात.

आता मुलींबद्दल. इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय.

प्रवेशाच्या दिवसांत पालक कॉलेज बघायला येतात आणि त्यांना हमखास ग्रंथालयात आणलं जातं. मुलाचे वडील विचारतात, "स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत का? कंपन्या कुठल्या येतात?" मुलीचे वडील, अनेकदा तेच गृहस्थ धाकटीला घेऊन दोन वर्षांनी आलेले, विचारतात, "शेवटची गाडी किती वाजता?" पाठोपाठ आई विचारते, स्टँडपासून इथपर्यंत दुकानं आहेत का, की सुनसान आहे. मुलगी बाजूला उभी राहून कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत असते. तिला जो विषय घ्यायचाय त्याचं प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि त्यांच्या गावाची शेवटची गाडी सव्वापाचची आहे, एवढं कळलं की पुढचं बोलणं संपतं. ती दुसरा विषय घेते. किंवा दुसरं कॉलेज.

हे किती दूरवर चालतं, हे गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात नीट उतरलंय. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्यांनी गूगल मॅप्सवरून काढल्या आणि त्या वाटा किती सुरक्षित आहेत, याची मोबाइल ॲपवर गोळा झालेली माहिती त्यावर ठेवली. त्यातून दिसलं असं की वाट सुरक्षित मिळावी म्हणून मुली दर्जानं खालचं कॉलेज पत्करतात. मुलगे त्यासाठी दर्जात इतकं खाली उतरत नाहीत. ही निवड कागदावर कुठं दिसत नाही. निकालात तर नाहीच. यादीतलं वरचं नाव मुलीनं स्वतःहूनच लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिला ते नाकारलं असंही कुणाला म्हणता येत नाही.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा मुलींची पटसंख्या चांगलीच वाढलेली दिसली, आणि ती जास्त वाढली होती ती जिथून हायस्कूल लांब होतं त्या गावांत. शाळा तिथंच राहिली, गावंही तिथंच राहिली. फक्त वाट तासाची होती ती वीस मिनिटांवर आली, आणि मुली घोळक्यानं जायला लागल्या. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्यात मुलीला कुणी धीट हो म्हणून सांगितलं नाही. वाट बदलली.

आईबापांची भीती खोटी नसते. मीही मुलीची आई आहे, उशीर झाला की माझंही लक्ष फोनकडे जातं. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून आपण दरवेळी मुलीचीच यादी लहान करतो. प्रॅक्टिकलची वेळ अर्धा तास आधी घ्या, बस अर्धा तास उशिरा सोडा, फाटकापासून स्टँडपर्यंतचे दिवे लावा, हे कॉलेजला आणि बसवाल्यांना विचारायला पालक एकटे जात नाहीत आणि एकत्रही जात नाहीत. जायला पाहिजे. वीस मुलींचे पालक एकदा मिळून गेले तर वेळापत्रक बदलतं. मी ते होताना पाहिलंय.

काही विषयांचं गणित आणखी वेगळं असतं. तिथं ठिकाण हाच अभ्यासाचा भाग. रुडकीला १८४७ साली अभियांत्रिकी कॉलेज निघालं, कारण तिथंच गंगेच्या कालव्याचं काम चालू होतं आणि कामावर माणसं हवी होती. धनबादला १९२६ साली खाणशास्त्राची संस्था निघाली ती कोळशाच्या पट्ट्यात. वैद्यकीय कॉलेजचं तर उघडच आहे. सोबतच्या रुग्णालयात रुग्णच येत नसतील, तर इमारत कितीही देखणी असो, शिकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. त्यामुळे 'जवळ आहे' याइतकंच 'कशाच्या जवळ आहे' हेही विचारावं. घराच्या जवळ, की कामाच्या जवळ? वकिली शिकणाऱ्याला कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर असलं तर दुपारचा एक तासही उपयोगी पडतो.

घरी बसून शिकण्याची सोय आल्यावर हा सगळा प्रश्न मिटेल, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. कल्पना जुनीच आहे. लंडन विद्यापीठानं बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी घेण्याची मुभा १८५८ सालीच दिली होती, आणि नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी लोकांना मुक्त विद्यापीठांनी पदवीपर्यंत नेलं. पण २०२०च्या टाळेबंदीत सगळेच घरी बसले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. घर हेही एक ठिकाणच आहे, आणि ते सगळ्यांचं सारखं नसतं. ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी अनेकांना पुस्तक नकोच होतं. त्यांना खुर्ची हवी होती, टेबल हवं होतं, आणि दोन तास कुणी हाक मारणार नाही अशी शांतता.

यंदा हे सगळं आमच्याच घरात आलं. दादाच्या मुलीला भूशास्त्र घ्यायचंय. खडक, नद्या, फील्डवर्क, यातच तिचा जीव. जवळच्या कॉलेजात तो विषय नावापुरता आहे. दुसरं कॉलेज रात्रभराच्या प्रवासावर, नावाजलेलं. तिसरं दोघांच्या मध्ये, पाच तासांवर. दादानं यादी बघितली आणि नेहमीचं वाक्य म्हणाला. भाची गप्प बसली. वहिनी मात्र म्हणाली, "लांब आहे म्हणजे नक्की काय होईल, ते सांगा. एकेक करून सांगा."

एकेक करून सांगायला बसल्यावर बऱ्याच भीती लहान निघाल्या. आजारी पडली तर? कॉलेजच्या आवारात दवाखाना आहे. खाण्याचं काय? सगळ्यांचं जे होईल तेच. पैसे पुरतील का? इथं मात्र सगळे खरंच थांबले, आणि रात्रभराच्या प्रवासावरच्या त्या कॉलेजबद्दल आम्ही कागद घेऊन बसलो. फी, होस्टेल, मेस, वर्षाला चार वेळा येणं-जाणं, आणि पहिल्या वर्षानंतर होस्टेल मिळालं नाही तर बाहेरची खोली. माहितीपत्रकात हे शेवटचं नसतं. तिथं शिकणाऱ्या मुलींना फोन केला तेव्हा कळलं, की होस्टेलची खात्री फक्त पहिल्या वर्षाची. बाहेरच्या खोलीचं भाडं धरल्यावर हिशेब बसेना.

सगळ्यात शेवटी दादाच्या तोंडून खरं कारण निघालं. आई थकली आहे. भाचीवर तिचा फार जीव. "आईला काही झालं तर हिनं पोचायचं कसं?" आई आतल्या खोलीत होती, तिला ऐकू गेलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "मला काही झालं तर तिनं पोचायचं कशाला? तुम्ही आहात की." दादा काही बोलला नाही. मला वाटतं, पुष्कळ घरांत 'लांब आहे' या वाक्यामागे असंच काहीतरी असतं. मुलीची काळजी असतेच. त्यासोबत आपल्याला तिच्यावाचून राहायचंय, ही गोष्ट असते, आणि ती मोठ्या माणसांना बोलून दाखवता येत नाही. ती बोलली गेली तर बरं. नाहीतर मुलीला वाटत राहतं की घरच्यांचा आपल्यावर विश्वास नाही.

मग वहिनी आणि भाची मधल्या त्या कॉलेजला जाऊन आल्या. मी एकच गोष्ट सांगितली होती, ओपन डेला जाऊ नका. साधा मंगळवार-बुधवार बघा आणि संध्याकाळी सहानंतर तिथं असा. त्या दिवशी मंडप नसतो, स्वागताला कुणी नसतं, आणि जागा जशी आहे तशी दिसते. दोघींनी बघितलं ते असं: ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं. प्रयोगशाळेपासून होस्टेलपर्यंतचा रस्ता आवारातूनच जातो, दिवे चालू होते. खडकांच्या नमुन्यांचं कपाट उघडून तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली नोंदी करत बसल्या होत्या, शिक्षक नसताना. भाचीनं त्यांना विचारलं, शनिवार-रविवारी तुम्ही काय करता. त्या म्हणाल्या, फील्डवर नसलो तर झोपतो. वहिनीनं वॉर्डनबाईंचा नंबर घेतला, आणि रात्री कुणी आजारी पडलं तर गाडी कोण काढतं, तेही विचारून घेतलं. परत येताना त्या मुद्दाम रात्रीच्या गाडीनं आल्या. सुट्टीत भाची ज्या गाडीनं येणार, तीच.

पसंतीक्रमात ते कॉलेज पहिलं गेलं, आणि मिळालंही. रात्रभराच्या प्रवासावरचं दुसरं. जवळचं तिसरं ठेवलं आहे ते दादाच्या आग्रहानं, आणि ते ठेवायला काही हरकत नव्हती.

पुढच्या वर्षी धाकट्याचा नंबर. तो आत्तापासून लांबलांबच्या शहरांची नावं घेतोय आणि दादा कौतुकानं ऐकतोय. वहिनीनं मात्र आजच सांगून ठेवलंय, यादी करायला बसू तेव्हा शेवटची गाडी किती वाजता, हे त्यालाही विचारायचं.